टीव्ही वार्ताहर ते खासदार: इम्तियाज जलील यांच्या निमित्ताने काही प्रश्न

ध्वनिमुद्रिका

माध्यमांतून थेट संसदेत गेलेल्यांवर एक टिपण लिहायचे आहे. मुख्य उदाहरण इम्तियाज जलील यांचे घेतले आहे: आधी लोकमत, मग एनडीटीव्हीत वार्ताहर, २०१४ ला आमदार, २०१९ ला खासदार, २०२४ ला पराभव. तीन ठिकाणी गाडी अडली आहे, मंचावरच्या जाणकारांनी मदत करावी.

१. या जय-पराजयात टीव्हीवरच्या ओळखीचा वाटा किती आणि मतविभागणीचा किती?
२. आकाशवाणी, दूरदर्शन किंवा खासगी वाहिनीत काम करणाऱ्याला लोकसभा लढवायची तर नोकरी नेमकी कधी सोडावी लागते? सहा महिने आधी असे ऐकले आहे.
३. पत्रकारांना राज्यसभा सोपी, असे सर्रास म्हटले जाते. ते कितपत खरे?

पक्ष बरा की वाईट ही चर्चा कृपया नको. आकडे आणि नियम हवेत.

---

मतमोजणी

पहिल्या प्रश्नापुरते. आधी एक सूचना: शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले तरी लोकसभा मतदारसंघाचे अधिकृत नाव २०२४ लाही औरंगाबादच होते. आयोगाच्या तक्त्यांत त्याच नावाने शोधा, नाहीतर निम्मे कागद सापडणार नाहीत.

२०१४ ची विधानसभा. युती आणि आघाडी दोन्ही ऐनवेळी तुटल्या, चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले. औरंगाबाद मध्य मध्ये शिवसेना आणि भाजप समोरासमोर होते आणि दोघांना जवळपास सारखी मते पडली. जलील सुमारे २० हजारांनी निवडून आले. एमआयएमला राज्यात तेव्हा दोनच जागा मिळाल्या, दुसरी भायखळ्याची. लोक इथे थांबतात आणि 'टीव्हीचा चेहरा चालला' असे लिहून मोकळे होतात. खरी पायरी त्यानंतरची आहे. एप्रिल २०१५ च्या महापालिका निवडणुकीत पक्षाचे २५ नगरसेवक आले. लोकसभेच्या प्रचाराला जे हातपाय लागतात, म्हणजे मतदारयादीच्या पानामागे माणूस, मतदान केंद्रावर प्रतिनिधी, दुपारी तीननंतर न आलेल्यांना आणणारी रिक्षा, ते या २५ प्रभागांतून उभे राहिले. वाहिनीच्या नोकरीत असले काही तयार होत नाही.

२०१९ ची लोकसभा:
जलील (एमआयएम, वंचित बहुजन आघाडीसोबत): ३,८९,०४२
चंद्रकांत खैरे (शिवसेना, १९९९ पासून सलग चार वेळा खासदार): ३,८४,५५०
हर्षवर्धन जाधव (अपक्ष): २,८३,७९८
फरक ४,४९२.

जाधव कन्नडचे आमदार होते आणि मराठा आरक्षणाच्या आंदोलनात त्यांनी राजीनामा दिला होता. त्यांची मते फरकाच्या ६३ पट आहेत. या निकालाचे मुख्य कारण हेच, त्यावर फार वाद नको.

२०२४:
संदीपान भुमरे (शिवसेना): ४,७६,१३०
जलील: ३,४१,४८०
खैरे (शिवसेना उबाठा): २,९३,४५०

इथे जरा थांबून बघा. शिवसेनेचे दोन तुकडे समोरासमोर, म्हणजे विभागणी पुन्हा झालीच, तरी जलील १,३४,६५० नी मागे. त्यांची स्वतःची ४७,५६२ मते कमी झाली. वंचितशी युती राहिली नव्हती आणि वंचितने वेगळा उमेदवार दिला होता. पण समजा २०१९ ची सगळी मते टिकली असती, तरी ते ८७,०८८ ने कमीच पडले असते. म्हणून 'वंचित सुटली म्हणून हरले' हे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे असे की २०१९ ला पहिल्या प्रतिस्पर्ध्याची मजल ३.८४ लाखांवर थांबली होती, २०२४ ला ती ४.७६ लाखांवर गेली. विभागणी असून चालत नाही, ती किती सारखी होते याला महत्त्व. जाधव २०२४ लाही उभे होते, पण या वेळी त्यांच्याकडे मते राहिली नाहीत.

त्याच वर्षी विधानसभेला जलील औरंगाबाद पूर्व मधून अतुल सावे यांच्याकडून २,१६१ मतांनी हरले, तेही टिपणात घ्या. हा भाग त्यांच्या जुन्या पायाभूत शहरी पट्ट्यातला. लोकसभेच्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी कन्नड, गंगापूर, वैजापूर ग्रामीण आहेत, आणि लोकसभेत गणित तिकडे फिरते.

तुलनेला उत्तर भारत घ्या. २०१४ ला वृत्तनिवेदक आशुतोष चांदणी चौकातून आपतर्फे उभे राहिले, ३,०१,६१८ मते घेऊनही हर्षवर्धन यांच्याकडून १,३६,३२० नी पडले. त्याच वेळी टीव्ही पत्रकार शाझिया इल्मी गाझियाबादमध्ये अनामतही वाचवू शकल्या नाहीत. २०१९ ला सुप्रिया श्रीनेत अर्थवाहिनीतील संपादकपद सोडून महाराजगंजमधून लढल्या, तिसऱ्या आल्या, अनामत गेली. वडील तिथले माजी खासदार असूनही. रोज रात्री दिसणारा चेहरा तिकीट मिळवून देतो. मताचे काम वेगळेच.

---

सुतावरून

सहा महिन्यांचे बरोबर आहे. पत्रकार असो की सरकारी नोकर, निवडणुकीआधी सहा महिने पद सोडावे लागते असा नियम आहे.

---

फॉर्म_सव्वीस

नाही हो सुतावरून, असा कुठलाच नियम नाही. सहा महिने हा आकडा दुसऱ्या दोन ठिकाणचा आहे: सभागृहाचा सदस्य नसलेला मंत्री सहा महिने राहू शकतो, आणि राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्याला पक्षात जायला सहा महिने मिळतात. तेच इथे चिकटले असावे.

पात्रता बघितली जाते ती छाननीच्या दिवशी (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ३६). त्या दिवशी तुम्ही लाभाच्या (म्हणजे सरकारी मोबदल्याच्या) पदावर नसावे, बस्स. आता प्रकार वेगवेगळे.

खासगी वाहिनी. सरकारी पद नाही, त्यामुळे कायद्याने राजीनाम्याची गरज नाही. करारात काय लिहिले आहे ते बघा: बहुतेक ठिकाणी राजकीय कामाला मनाई आणि नोटिशीचा काळ असतो. तो मोडला तर भानगड मालकाशी, उमेदवारी अर्जाला धक्का नाही.

आकाशवाणी, दूरदर्शन. प्रसार भारती १९९७ पासून स्वायत्त असली तरी ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी भरती झालेले कर्मचारी निवृत्तीपर्यंत प्रतिनियुक्तीवरचे केंद्र सरकारी नोकर मानले जातात. त्यांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू, आणि नियम ५ प्रमाणे निवडणूक लढवणेच काय, प्रचारही करता येत नाही. राजीनामा नुसता देऊन भागत नाही. तो मंजूर होऊन कार्यमुक्तीचे पत्र हातात हवे.

चूक होते ती घाईत. सरकारी सेवेचा राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते, जुन्या योजनेतले निवृत्तिवेतन जाते. २० वर्षे सेवा झाली असेल तर स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, पण तिला तीन महिन्यांची नोटीस लागते. अधिसूचना निघाल्यापासून अर्ज भरायचा शेवटचा दिवस सातवा, छाननी त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे पक्षाने तुमचे नाव जाहीर केल्यावर जागे झालात तर नोटिशीचा काळ बसतच नाही, तो कमी करून मागावा लागतो आणि देणे न देणे वरिष्ठांच्या हाती. तिकिटाची शक्यता दिसताच कागद हलवावा.

नैमित्तिक उद्घोषक. महिन्यातून ठरावीक ड्यूट्या करणारा कायम नोकर नसतो, पण प्रतिस्पर्धी छाननीत हरकत घेतोच. करार लेखी संपवून पोच घ्यावी. एका कागदात वाद मिटतो.

स्वतःची निर्मिती संस्था. सरकारी खात्यासाठी माहितीपट, जाहिराती करत असाल तर त्याच कायद्याचे कलम ९ अ वाचा. सरकारशी चालू असलेला माल पुरवण्याचा किंवा काम पार पाडण्याचा करार हे अपात्रतेचे कारण आहे. काम पूर्ण करून दिले आणि फक्त पैसे यायचे राहिले, तर केवळ तेवढ्यावरून करार चालू धरत नाहीत.

आता फॉर्म २६, म्हणजे प्रतिज्ञापत्र. पत्रकारांचा पाय इथे हमखास घसरतो. बदनामीच्या तक्रारी गावोगावच्या न्यायालयांत पडलेल्या असतात, काहींचे समन्सही वाहिनीच्या विधी विभागात अडकलेले. प्रलंबित प्रत्येक खटला रकान्यात लिहावा लागतो. शिवाय वृत्तपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा प्रसिद्ध करावा लागतो: माघारीच्या मुदतीनंतर पहिल्या चार दिवसांत, पाचव्या ते आठव्या दिवसात, आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. म्हणून अर्जाच्या आधी महिनाभर वाहिनीच्या विधी विभागाकडून खटल्यांची यादी क्रमांकासह मागवून घ्यावी. कोणताही रकाना कोरा ठेवायचा नाही. लागू नसेल तर 'लागू नाही' किंवा 'निरंक' लिहायचे. अधिकाऱ्याने दाखवून देऊनही रकाना कोरा राहिला तर अर्ज बाद होतो, २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हे पक्के आहे. समाजमाध्यमांवरची खातीही याच अर्जात येतात.

बदनामीला हलके घेऊ नका. कमाल शिक्षा दोन वर्षे (पूर्वी भादंवि ५००, आता भारतीय न्याय संहिता ३५६) आणि सदस्यत्व जाण्याची मर्यादाही 'दोन वर्षे किंवा अधिक'. मार्च २०२३ मध्ये राहुल गांधींची खासदारकी गेली ती याच बरोबरीमुळे. शिक्षेला स्थगिती पुरत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती लागते. ती मिळाल्यावर ऑगस्टमध्ये सदस्यत्व परत आले.

किरकोळ पण अडवणारे: अनामत २५,००० (अनुसूचित जाती-जमातीसाठी १२,५००). मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक, अपक्षाला दहा, आणि सगळे त्याच मतदारसंघातले मतदार. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र) शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत. निवडणूक खर्चाचे वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी.

---

तरंगलांबी

वरच्या उत्तरात पडद्याचा भाग राहिला. माध्यमवाल्या उमेदवाराचे खर्चाचे गणित इतरांसारखे नसते.

महाराष्ट्रात लोकसभेची खर्चमर्यादा ९५ लाख (२०२२ पासून, २०१९ च्या निवडणुकीत ७०). वाहिनी तुमच्या किंवा पक्षाच्या मालकीची असेल आणि तीवरून तुमचा प्रचार झाला, तर पैसे न देताही वाहिनीच्या दरपत्रकाप्रमाणे रक्कम तुमच्या खर्चात धरतात. दहा सेकंदांचा दर लावून अर्ध्या तासाचा 'विशेष कार्यक्रम' मोजला की मर्यादेचा मोठा घास एका रात्रीत जातो. जुन्या सहकाऱ्यांनी प्रेमापोटी केलेला गौरवपर कार्यक्रमही पेड न्यूज म्हणून उचलला जातो. प्रसारणापासून ९६ तासांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची नोटीस येते आणि ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. उत्तर नाही गेले तर जिल्हा समितीचा निर्णय कायम. त्यामुळे एक माणूस फक्त या नोटिशींसाठी ठेवा.

जाहिरात टीव्ही, एफएम, चित्रपटगृह, समाजमाध्यम कुठेही द्यायची तर आधी एमसीएमसीचे (माध्यम प्रमाणन समितीचे) प्रमाणपत्र. पक्ष किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या तीन दिवस आधी अर्ज करायचा, सोबत ध्वनिचित्रफितीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता. इथे निवेदक मंडळी चुकतात कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी सवयीने वाक्य बदलतात आणि संहिता जुनीच राहते. दोन्ही जुळले नाहीत की अर्ज परत.

स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर टाकलेला व्हिडिओ जाहिरात मानत नाहीत, प्रमाणपत्र नको. पण तो पैसे देऊन पुढे ढकलला की जाहिरात झाली. आणि संकलक, कॅमेरामन, पोस्ट लिहिणारा यांचे मानधन दोन्ही वेळा खर्चात येते.

मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास टीव्हीवर निवडणूकविषयक काहीही दाखवायला कलम १२६ ने बंदी आहे. 'मी पाहुणा म्हणून बोललो' हा बचाव चालत नाही. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्या. नाही दिला तर तीन वर्षे अपात्र.

---

वरचे_सभागृह

राज्यसभेच्या दोन वाटा, आणि दोन्हींना 'सोपी' म्हणणे धाडसाचे.

नामनिर्देशन: अनुच्छेद ८०(३) मध्ये साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा एवढेच आहे. पत्रकारिता नाही! १२ जागांवर आलेले पत्रकार साहित्य किंवा समाजसेवेच्या दाराने आत येतात. अर्ज नसतो, पात्रता परीक्षा नसते, सरकारची शिफारस आणि राष्ट्रपतींचा आदेश. पक्षात जायचे तर शपथेपासून सहा महिन्यांच्या आत, नंतर गेलात तर दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदी) जागा जाते. स्वपन दासगुप्ता यांचे प्रकरण नमुन्यादाखल घ्या. स्तंभलेखक आणि वाहिन्यांवरच्या चर्चांतला परिचित चेहरा. २०१६ ला नामनिर्देशित, २०२१ ला भाजपने तारकेश्वरमधून विधानसभेला उभे केले, अपात्रतेचा मुद्दा निघताच मार्चमध्ये राजीनामा, निवडणुकीत पराभव, आणि जूनमध्ये पुन्हा नामनिर्देशन. नामनिर्देशित सदस्य उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत देतात, राष्ट्रपतीच्या नाही.

निवडून येणे: मतदार म्हणजे आमदार. महाराष्ट्रात २८८ आमदार, सहा जागांना मतदान झाले तर पहिल्या पसंतीची ४१-४२ मते. सूचक म्हणून दहा आमदार. आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकावी लागते. लोकप्रियतेला इथे शून्य किंमत, पक्षश्रेष्ठींच्या यादीला शंभर टक्के. टीव्ही पत्रकार सागरिका घोष २०२४ ला पश्चिम बंगालमधून तृणमूलतर्फे अशाच आल्या.

२००३ पासून उमेदवार त्या राज्याचा मतदार असण्याची अट नाही. त्या दुरुस्तीला आव्हान देणारे कुलदीप नय्यर, स्वतः पत्रकार आणि १९९७ चे नामनिर्देशित सदस्य. २००६ ला सर्वोच्च न्यायालयात ते हरले.

---

मतमोजणी

परदेशातली दोन उदाहरणे तुमच्या पहिल्या प्रश्नाला जोडून. बीबीसीचे युद्धवार्ताहर मार्टिन बेल १९९७ ला टॅटनमधून अपक्ष म्हणून ११,०७७ च्या फरकाने निवडून आले, कारण लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट दोघांनी आपले उमेदवार मागे घेतले. २००१ ला ब्रेंटवुड अँड ओंगारमध्ये ती सोय नव्हती, हरले. ऑस्ट्रेलियात एबीसी वाहिनीच्या मॅक्सिन मक्यू यांनी २००७ ला बेनेलाँगमध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनाच पाडले आणि २०१० ला जागा गमावली. जिंकणारे जॉन अलेक्झांडर माजी टेनिसपटू, आणि गंमत म्हणजे टेनिसचे समालोचकही.

---

ध्वनिमुद्रिका

सर्वांचे आभार, सहा महिन्यांचे वाक्य खोडले. एक शेवटचे: निवडून आल्यावर कार्यक्रम चालू ठेवता येतो का? आणि बोलण्याची सवय सभागृहात उपयोगी पडते का?

---

वरचे_सभागृह

खासगी वाहिनीवर मानधन घेऊन कार्यक्रम करायला बंदी नाही, कारण ते सरकारी लाभाचे पद नाही. राज्यसभेत मात्र नियम २९३ खाली हितसंबंधांची नोंदवही असते आणि नियमित मोबदल्याचे काम तीत लिहावे लागते. सरकारी प्रसारणातले सशुल्क काम मात्र हातात घेण्याआधी अनुच्छेद १०२ (लाभाच्या पदामुळे अपात्रता) डोळ्यांसमोर ठेवा.

सवयीचा उपयोग होतो, पण उलट्या दिशेने. वाहिनीत मुद्दा मांडायला प्रस्तावना करतात, इथे प्रस्तावनेतच वेळ संपतो. राज्यसभेच्या शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायच्या वेळेत) तीन मिनिटे झाली की माइक आपोआप बंद. लेखी प्रश्न लोकसभेत १५० शब्दांत, राज्यसभेत १०० शब्दांत बसवायचा, आणि किमान १५ दिवस आधी द्यायचा. त्यामुळे आजच्या ताज्या बातमीवर तारांकित (तोंडी उत्तराचा) प्रश्न विचारताच येत नाही, त्यासाठी शून्य प्रहराची सूचना द्यावी लागते. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न. आकडेवारी हवी असेल तर अतारांकित विचारा, लेखी उत्तर येते आणि ते कायमचे नोंदवहीत राहते. जुना वार्ताहर या खिडकीचा उपयोग इतरांपेक्षा चांगला करतो, कारण मोघम उत्तर येणार नाही असा प्रश्न कसा बांधायचा हे त्याला ठाऊक असते: जिल्हा, आर्थिक वर्ष, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम, असे वेगवेगळे उपभाग करून.

मराठीत बोलायचे तर आधी कळवा, म्हणजे दुभाषी हजर राहतो.

एक सापळा नेमका माध्यमवाल्यांसाठी आहे. भाषण संपताच संसद टीव्हीच्या थेट प्रक्षेपणातून तुकडा कापून आपल्या पानावर टाकायची घाई होते. पण अध्यक्षांनी त्यातले एखादे वाक्य कामकाजातून वगळले असेल, तर तो तुकडा प्रसिद्ध करणे हक्कभंग ठरू शकते. वगळलेल्या भागाची यादी सचिवालयाकडून त्याच संध्याकाळी मिळते. ती बघून मगच व्हिडिओ टाका, आणि आधी टाकला असेल तर त्या वाक्याच्या जागी नुसता आवाज बंद करून भागत नाही, तेवढी दृश्येही काढा, ओठांवरून वाक्य कळते.